बारा वर्षं लिनक्स वापरतोय, तरी अपग्रेडनंतर सगळं बिघडलं. डिस्ट्रो बदलू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकलो तर सांगा. तुम्ही बारा वर्षं लिनक्सवर आहात. लॅपटॉपवर उबुंटू ह्या डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या एका वाणाची, २२.०४ ही आवृत्ती होती, ती २४.०४ वर नेलीत. अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामने सुरुवातीलाच पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेबद्दल कुरकुर करून नकार दिला, म्हणून पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फायलींत ‘जॅमी’ ह्या २२.०४ च्या टोपणनावाच्या जागी २४.०४ चं ‘नोबल’ घालून तुम्ही हातानेच अपग्रेड केलं. मग प्रत्येक नव्या मशीनवर चालवता ती तुमची जुनी सेटअप स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, चालवलीत. आता टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडत नाही, झाकण मिटून उघडलं की स्क्रीन काळीच राहते, पॉवर मोडचा पर्याय मेनूतून गायब आहे, डेस्कटॉपला जादा सोयी देणाऱ्या नऊ एक्स्टेन्शनांपैकी सात मेली आहेत आणि रोजच्या वापरातली एक ॲपइमेज (एकाच फायलीत येणारा प्रोग्राम) सुरूच होत नाही. तुमचा निष्कर्ष : उबुंटू पूर्वीचं राहिलं नाही. तुमचा प्रश्न : फेडोरावर जाऊ की आर्चवर? होम फोल्डर जसाच्या तसा उचलून न्यायची तयारीही झाली आहे.

सेटअप स्क्रिप्ट सोबत दिलीत हे फार बरं केलंत. लोक तक्रार देतात, स्क्रिप्ट देत नाहीत. मी ती दोनदा वाचली. माझा हिशोब असा लागतो : पाच तक्रारींपैकी दोन नक्की तुमच्या स्क्रिप्टच्या, एक बहुधा तुमची, एक निम्मी-निम्मी, आणि एक चक्क उबुंटूची.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते तुमच्यावर अन्यायाचं होईल. तुम्हाला नाचता येतं. अडचण अशी की अंगणही तुम्हीच खणलंय, आणि कुठे कुठे खणलं ते आता आठवत नाही. कालपरवा लिनक्सवर आलेल्या माणसाचं मशीन असं बिघडत नाही, कारण पायथनची सिम्लिंक, म्हणजे खऱ्या फायलीकडे बोट दाखवणारी फाइल, कुठे असते हे त्याला ठाऊकच नसतं. अशी मोडतोड करायला दहा वर्षांचा सराव लागतो.

तर एकेक घेऊ.

टर्मिनलपासून सुरुवात करतो, कारण त्यातच सगळी गोष्ट आहे. स्क्रिप्टमधली चौथी ओळ डेडस्नेक्सच्या पीपीएमधून, म्हणजे उबुंटूबाहेरच्या माणसांनी चालवलेल्या भांडारातून, पायथन ३.११ आणते आणि पाचवी ओळ अपडेट-अल्टरनेटिव्हज ही आज्ञा वापरून ‘पायथन३’ हे नावच त्याच्याकडे वळवते. २२.०४ चा स्वतःचा पायथन ३.१०, २४.०४ चा ३.१२. तुम्हाला कामासाठी ३.११ हवा होता, त्यात गैर काही नाही. पण ‘पायथन३’ हे नाव एकट्या तुमचं नाही. उबुंटूचे स्वतःचे कितीतरी प्रोग्राम त्याच नावाने हाक मारतात : पीपीए जोडणारी आज्ञा, ‘ही आज्ञा अमुक पॅकेजमध्ये मिळेल’ असं सुचवणारा प्रोग्राम, आणि ग्नोम ह्या उबुंटूच्या डेस्कटॉपचं टर्मिनल सुरू करणारी छोटीशी स्क्रिप्टसुद्धा. हाक मारल्यावर समोर ३.१२ उभा असेल अशी त्यांची अपेक्षा असते, कारण ॲप्ट (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) आणि ग्नोमला जोडणारी पायथनची मॉड्यूलं सी, सी++ भाषांतून नेमकी ३.१२ साठी कंपाइल केलेली असतात. त्या फायलींच्या नावातच ३१२ हा आकडा असतो. समोर ३.११ आला की त्याला ती दिसतच नाहीत. मग ‘एपीटी-पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडलं नाही’ अशी ओळ येते, आणि टर्मिनलच्या बाबतीत तर तेवढंही नशिबी नसतं. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर काहीतरी फिरतं आणि शांतता.

आता ह्या ओळींच्या नजरेने अपग्रेडच्या वेळची ती कुरकुर पुन्हा वाचा. अपग्रेड करणारा प्रोग्राम काम सुरू करण्याआधी ‘पायथन३’ची सिम्लिंक तपासतो. ती त्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळीकडे जात असेल तर ‘पायथनची मांडणी बिघडलेली आहे, आधी सिम्लिंक दुरुस्त करा’ असं सांगून थांबतो. ते भांडण नव्हतं, निदान होतं, आणि तेही अचूक. तुम्ही काय केलंत? डॉक्टरने ‘आधी साखर तपासून या’ म्हटल्यावर आपण दुसरा डॉक्टर गाठतो, तसं केलंत. फायली हाताने बदलून त्याला बगल दिलीत. त्या बगल देण्यात आणखी एक गोष्ट सुटली : तो प्रोग्राम अपग्रेडच्या वेळी बाहेरचे सगळे पीपीए आपणहून बंद करतो. तुम्ही शोधून बदलताना ते सगळे चालूच राहिले आणि नव्या आवृत्तीवर नवी पॅकेजं आणून बसवत गेले.

दुरुस्ती सोपी आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून थेट कन्सोलवर जा, ‘पायथन३’चा अल्टरनेटिव्हजचा गट पूर्ण काढून टाका, सिम्लिंक पुन्हा ३.१२ कडे वळवा आणि पायथनचं मूळ पॅकेज पुन्हा बसवा. ३.११ लागतो तिथे ‘पायथन३.११’ असं पूर्ण नाव घेऊन व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन, करा. प्रोजेक्टला काही फरक पडत नाही, सिस्टिमही सुखाने राहते.

जाता जाता स्क्रिप्टची अकरावी ओळ. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने सिस्टिमभर पॅकेजं टाकताना तुम्ही एक पर्याय जोडलाय, ज्याचं नावच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ आहे. हा पर्याय कोणी गंमत म्हणून ठेवलेला नाही. पिप आणि ॲप्ट एकाच घरात दोन कारभारी झाले की काय होतं ते पाहून पायथनच्या मंडळींनी पेप ६६८ हे प्रस्तावपत्र लिहिलं. उबुंटूने ते २३.०४ पासून लागू केलं, उबुंटू जिच्यावर उभी आहे त्या डेबियनने २०२३ मध्ये १२ व्या आवृत्तीत. आता पिप सिस्टिमच्या पायथनला हात लावायला नकार देतो, आणि तरीही लावायचाच असेल तर ‘सिस्टिम मोडा’ असं स्वतःच्या हाताने टाइप करावं लागतं. तुम्ही ते स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलंत, म्हणजे एकदाच कबूल केलंत आणि प्रत्येक मशीनवर मोडलंत.

काळ्या स्क्रीनबद्दल मी पैज लावणार नाही. लॅपटॉपचं मॉडेल, त्याचं फर्मवेअर ह्यांवर बरंच अवलंबून आहे. पण संशयित तीन आहेत आणि तिन्ही तुमच्याच घरातले. पहिला, मेनलाइन ६.९ कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा उबुंटूच्या दुरुस्त्या न घातलेला बिल्ड. तुम्हाला वाटतंय की तुम्ही २४.०४ चा कर्नल वापरताय. २४.०४ चा मूळ कर्नल ६.८. मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा ग्रब सहसा सर्वांत मोठ्या क्रमांकाचा कर्नल आधी उचलतो, त्यामुळे अपग्रेडनंतरही तुमचं मशीन हाताने बसवलेल्या जुन्या ६.९ वरच सुरू होतंय. मेनलाइन बिल्ड हे मुळात तपासणीसाठी असतात. उबुंटू त्यांना सुरक्षेचे अपडेट देत नाही, आणि त्यांवर सिक्युअर बूटसाठी लागणारी सहीही नसते. म्हणजे सिक्युअर बूट तुम्ही कधीतरी बंद केलं असणार. आठवतंय का कधी?

दुसरा संशयित ग्रबच्या ओळीतला. तिथे तुम्ही बॅटरी वाचवायला झोपेचा प्रकार ‘डीप’ करून ठेवलाय. काही लॅपटॉपांचं फर्मवेअर ह्या खोल झोपेची तयारी दाखवतं, पण जागं होताना गडबडतं. जुन्या लॅपटॉपवर ही ओळ कामाची असेलही. पण स्क्रिप्टवरची तारीख तुमच्या ह्या लॅपटॉपच्या आधीची आहे. तिसरा संशयित बॅटरी वाचवणारा टीएलपी हा प्रोग्राम, त्याच्याकडे येतोच.

तपासायला पाच मिनिटं लागतील. ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन उबुंटूचा ६.८ निवडा, ‘ई’ दाबून त्या एका बूटपुरती ती झोपेची ओळ काढा, आणि झाकण मिटून उघडा. तरी स्क्रीन काळी राहिली तर मी माझे शब्द मागे घेतो, आणि मग ती उबुंटूला कळवण्याजोगी खरी तक्रार आहे. नव्या हार्डवेअरसाठी पुढचा कर्नल लागत असेल तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या, आवृत्त्यांसाठी उबुंटू स्वतः एचडब्ल्यूई कर्नल देतं, अपडेटसकट. तो घ्या.

पॉवर मोडचं एका वाक्यात : मेनूतला तो पर्याय पॉवर-प्रोफाइल्स-डीमन नावाची सेवा पुरवते, तिचं आणि टीएलपीचं एका घरात जमत नाही, स्क्रिप्ट टीएलपी बसवते आणि त्या सेवेला निरोप देते. पर्याय उबुंटूने काढला नाही. दोघांपैकी एक ठेवा. कुठला ते तुमच्या बॅटरीला विचारा.

एक्स्टेन्शनांच्या बाबतीत मात्र तुमचा राग मला समजतो. २२.०४ मध्ये ग्नोम ४२ होता, २४.०४ मध्ये ४६. मधल्या ४५ व्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, ग्नोमने एक्स्टेन्शनांची मॉड्यूलं लोड करण्याची पद्धतच बदलली. त्या आधीचं एकही एक्स्टेन्शन बदल केल्याशिवाय चालणार नव्हतं. एक्स्टेन्शनं थेट ग्नोमच्या शेलच्या पोटात शिरून काम करतात, त्यांच्यासाठी कायम स्थिर राहील असा करार ग्नोमने कधी दिलेला नाही, आणि दर सहा महिन्यांनी त्याची किंमत छंद म्हणून एक्स्टेन्शन लिहिणारी माणसं मोजतात. हे धोरण मला पटत नाही. पण ते लपवलेलंही नाही : प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये ते कोणत्या आवृत्त्यांसाठी आहे हे लिहिलेलं असतं, आणि जुळलं नाही तर शेल ते लोड करत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती तपासणीच बंद करणारी ओळ आहे. म्हणून ‘हे एक्स्टेन्शन ४६ साठी नाही’ असं साधं उत्तर मिळायच्या जागी तुम्हाला लॉगमध्ये लाल ओळींचा पाऊस मिळाला. निम्मी-निम्मी म्हणालो ती ह्यासाठी.

आणि ॲपइमेज. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. २४.०४ मध्ये उबुंटूने ॲपआर्मर ह्या सुरक्षा-यंत्रणेमार्फत साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामांना युजर नेमस्पेस, म्हणजे स्वतःपुरतं वेगळं जग, तयार करण्यावर बंधन घातलं. कारण योग्य होतं, कर्नलमधल्या अनेक सुरक्षा-छिद्रांपर्यंत पोचायचा रस्ता तिथूनच जायचा. पण क्रोमियम ब्राउझरच्या पोटातला सँडबॉक्स, म्हणजे वेबपानांना कोंडून ठेवणारी भिंत, त्याच नेमस्पेसवर उभा असतो, आणि क्रोमियमवर उभ्या असलेल्या इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या ॲपइमेज त्यामुळे उघडेनाशा झाल्या. ओळखीच्या ब्राउझरांसाठी उबुंटूने परवानगीची प्रोफाइलं दिली. कुठल्यातरी फोल्डरात पडलेल्या ॲपइमेजला कोण प्रोफाइल देणार? तुम्ही काहीही न बदलता हे घडलं असतं. फक्त एक विनंती : ह्यावर उपाय म्हणून जागोजागी ‘ते बंधनच सिस्टिमभर बंद करा’ असं सांगितलेलं सापडेल. तसं करू नका. त्या एका ॲपसाठी चार ओळींचं प्रोफाइल लिहा. नाहीतर दोन वर्षांनी ती बंद केलेली गोष्टही विसरलेल्या यादीत जाईल.

विसरण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमचं खरं दुखणं मला तिथे दिसतं. जो बदल फसतो तो आपल्या लक्षात राहतो. रात्रभर जागवलेलं असतं त्याने. जो बदल पहिल्या फटक्यात जमतो तो तिसऱ्या दिवशी डोक्यातून जातो. वर्षं जातात, आणि मशीनवर राहिलेले सगळे बदल हे असे जमलेले, म्हणजेच विसरलेले असतात. मग काही मोडलं की आपण आठवायला बसतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मी काहीच केलं नाही.’ खोटं बोलत नसतो आपण.

माझीच गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लिनक्सवर मराठी बरं दिसत नसे. मी बसून फॉन्टकॉन्फिगची एक फाइल लिहिली : देवनागरी मजकूर आला की अमुक एक फॉन्ट वापर, बाकी कुणाचं ऐकू नकोस. त्या काळात तो फॉन्ट मला देखणा वाटायचा. फाइल होम फोल्डरात, लपलेल्या कॉन्फिगमध्ये. मग मशीन बदललं, होम फोल्डर तसाच उचलला. पुन्हा बदललं, पुन्हा उचलला. मधे मी डिस्ट्रोसुद्धा बदलली. कितीतरी वर्षांनी एका संस्थेचा अहवाल लिब्रेऑफिसमध्ये करत होतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ ह्या शब्दांतला ऱ्य-ऱ्ह तुटायला लागला. र चा तो भुवईसारखा आकार गायब, खाली पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा य. लिब्रेऑफिसला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीची कोणाला पर्वा नाही, हिंदीत हा आकार लागत नाही म्हणून चाचणी करत नाहीत, असं सगळं तत्त्वज्ञान झालं. तक्रारीचा मसुदाही लिहून ठेवला, चांगला खरमरीत.

पाठवण्याआधी, केवळ सवयीने, मशीनवर एक नवं रिकामं खातं उघडलं आणि तीच फाइल तिथे उघडली. सगळे ऱ्य जागच्या जागी. तासाभराने माझी ती जुनी फाइल सापडली. तो फॉन्ट ज्या काळात बनला त्या काळात त्यात हा आकार धड बसवलेलाच नव्हता, आणि ‘बाकी कुणाचं ऐकू नकोस’ हा माझाच हुकूम मशीन इमानेइतबारे पाळत होतं. तीन लॅपटॉप आणि दोन डिस्ट्रो ओलांडून. तो मसुदा मी अजून ठेवलाय.

तेव्हा हे अनुभवी माणसाचं दुखणं आहे, आणि खूप मोठे अनुभवीही त्यातून सुटलेले नाहीत. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल ह्या सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीच्या कोडात एक छोटी दुरुस्ती झाली. मेमरी तपासणारी व्हॅलग्राइंडसारखी साधनं दोन ओळींबद्दल सारख्या सूचना देत होती, त्या शांत करायच्या होत्या. सूचना शांत झाल्या. त्याबरोबर किल्ल्या तयार करताना लागणारा यादृच्छिकपणाही, म्हणजे कोणाला अंदाज न येणंही, जवळजवळ सगळा गेला. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका मापाच्या किल्लीसाठी ३२,७६८ पर्याय. मे २००८ मध्ये ते उघडकीला आलं तेव्हा मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत डेबियन-उबुंटूवर तयार झालेल्या एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरण्याच्या, किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये ती चूक नव्हती. जमलेला, शांत झालेला, म्हणून कोणी पुन्हा न पाहिलेला बदल.

ह्याच कारणाने कर्नलच्या मंडळींनी एक युक्ती करून ठेवली आहे, ती मला फार आवडते. कर्नलमध्ये ‘टेंटेड’ नावाचा एक आकडा असतो, प्रॉक फोल्डरातून कोणालाही वाचता येतो. शून्य असेल तर कर्नल कोरा. मालकी हक्काचं, सोर्स न दिलेलं मॉड्यूल लोड केलं तर त्यात १ मिळवला जातो, कर्नलच्या झाडाबाहेरचं मॉड्यूल असेल तर ४०९६. म्हणजे ४०९७ दिसलं की दोन्ही झालेत. आणि गंमत पाहा, मॉड्यूल काढून टाकलं तरी डाग जात नाही. रीबूट करेपर्यंत राहतो, कारण ते मॉड्यूल गेलं तरी जाताना कुठे काय लिहून गेलं ह्याची खात्री कोण देणार? तक्रार आली की कर्नलवाले आधी हा आकडा बघतात, आणि डाग असेल तर बहुधा म्हणतात : कोऱ्या कर्नलवर हेच घडवून दाखवा. त्यात अपमान नाही. ज्या मशीनचा निम्मा लेखक तुम्ही आहात, त्याचं निदान ते एकटे करू शकत नाहीत. फ्लॅटमधली भिंत पाडून नळ हलवल्यावर बिल्डरकडच्या नकाशात गळती सापडत नाही, तसंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सॉफ्टवेअरवाल्यांचा वकील वाटेन. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन ह्या यूट्यूबरने पॉप-ओएस ह्या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप बसवायचा प्रयत्न केला आणि ॲप्टने त्याचा अख्खा डेस्कटॉप उखडून टाकला. त्याआधी ॲप्टने इशारा दिला होता, आणि ‘हो, मी सांगतो तसंच कर’ अशा अर्थाचं एक वाक्य टाइप करायला लावलं होतं. त्याने केलं. अनेकांनी त्याची टिंगल केली की वाचता येत नाही का. माझ्या मते चूक पॅकेजांच्या अवलंबित्वात होती. स्टीम बसवणाऱ्या माणसापुढे ‘डेस्कटॉप काढू का’ हा प्रश्नच यायला नको होता. नंतर पॉप-ओएस बनवणाऱ्या सिस्टिम७६ ने आपल्या ॲप्टमध्ये बदल केला, मूळ ॲप्टही सुधारलं. त्याने आधी काही खणलेलं नव्हतं, म्हणून खड्डा कोणाचा ते चटकन कळलं, हे मात्र लक्षात घ्या.

आता तुमच्या मशीनवर तुमचं काय आणि उबुंटूचं काय हे वेगळं कसं करायचं? मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो. सगळ्यात आधी २४.०४ च्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून तोच त्रास होतो का ते पाहतो. तिथेही झाला तर तुमचा काही संबंध नाही, थेट तक्रार करा. तिथे नाही झाला तर डिस्कवरच्या सिस्टिमवर एक नवं खातं उघडायचं. नव्या खात्यात त्रास गेला, की गडबड होम फोल्डरात. नव्या खात्यातही राहिला, की सिस्टिमच्या फायलींत. दोन पायऱ्यांत शोधाचं क्षेत्र इतकं आक्रसतं की पुढचं काम निम्मं होतं. एवढं सोडून लोक लॉग वाचत बसतात.

सिस्टिममध्ये असेल तर डीपीकेजी ह्या पॅकेजं बसवणाऱ्या मूळ प्रोग्रामला ‘व्हेरिफाय’ करायला सांगा. पॅकेजने दिलेल्या कोणत्या फायली बदलल्यात ते तो मुकाट्याने समोर ठेवतो. ॲप्टकडून ‘ऑब्सोलीट’ पॅकेजांची यादी मागा, म्हणजे कोणत्याच चालू भांडारात नसलेली, अशीच लटकलेली पॅकेजं दिसतील, तुमचा ६.९ तिथेच सापडेल. सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीची ‘डेल्टा’ नावाची आज्ञा तुम्ही कोणत्या सेवांवर स्वतःचे हुकूम चढवलेत ते दाखवते. आणि प्रॉकमधली कर्नलची कमांडलाइन वाचा, तिथे दहा वर्षांचे उपाय एका ओळीत रांगेने बसलेले असतात.

हे सगळं करावं की सरळ पुसून नव्याने बसवावं, हे सोमवारी तुम्हाला ह्या लॅपटॉपवर काम करायचंय का ह्यावर आहे. करायचं असेल तर डेटाचा बॅकअप घ्या आणि पुसा. हाताने केलेल्या अपग्रेडमध्ये आणखी काय काय अर्धवट राहिलंय ते उकरत बसण्यात दोन रात्री जातील. वेळ असेल तर उकरा. शिकायला मिळेल, आणि खरं सांगायचं तर मजाही येईल. स्क्रिप्ट मात्र दोन्ही वाटांनी तशीच चालवू नका. तिच्यात सत्तावीस ओळी आहेत. प्रत्येकीपुढे ती का आहे हे लिहा. जिचं कारण लिहिता आलं नाही ती काढा. माझ्या अंदाजाने नऊ-दहा उरतील.

बदल करूच नका असं मी कोणालाच सांगत नाही. माझ्या मशीनवर तुमच्याइतकेच बदल आहेत. सिस्टिमच्या कॉन्फिगचा ईटीसी फोल्डर ईटीसीकीपरच्या ताब्यात दिलाय, त्यामुळे प्रत्येक ॲप्टच्या आधी-नंतर काय बदललं ते गिट ह्या बदलांच्या नोंदवहीत आपोआप जातं. सेवांच्या मूळ फायलींना हात न लावता शेजारी ओव्हरराइडची फाइल ठेवतो. मूळ फाइल अपग्रेडबरोबर बदलत राहते, माझं वाक्य वेगळं राहतं. आणि नवनवीन टूलचेन, तिसऱ्याच डिस्ट्रोची पॅकेजं असले उद्योग मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये. ते बिघडले तर कंटेनर पुसतो आणि चहा पितो.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न. फेडोरा उत्तम आहे. तिथे ग्नोम लवकर बदलतो, त्यामुळे एक्स्टेन्शनांचं रडगाणं वर्षातून दोनदा ऐकावं लागेल. आर्च तुम्हाला झेपेल, पण तिथे एक पॅकेज नवं आणि बाकी जुनी असं अर्धवट अपडेट केलेलं चालत नाही, आणि अपडेटआधी त्यांच्या बातम्या वाचाव्या लागतात. इशारा वाचून बगल द्यायची सवय तिथे लवकर महागात पडते. मी स्वतः डेबियनवर आहे, त्याचं कारण एवढंच की मला कंटाळवाणी सिस्टिम आवडते. जायचं तर खुशाल जा. होम फोल्डर मात्र जसाच्या तसा नेऊ नका. कागदपत्रं, फोटो, प्रोजेक्ट, किल्ल्या न्या. लपलेली कॉन्फिग फोल्डरं वेगळ्या नावाने बाजूला ठेवा आणि लागेल तशी एकेक फाइल उघडून, वाचून आणा. माझी फॉन्टची फाइल असल्याच एका स्थलांतरात सुखरूप पोचली होती.

आणि ६.८ वर झाकण मिटून पाहिलंत की काय झालं ते कळवा. ते मला खरंच जाणून घ्यायचंय.